परदेशी पार्सल: खोक्याच्या आधी कागद पोहोचतो

ऑनलाइन विक्री सुरू केल्यावर परदेशातून पहिली ऑर्डर आली की बहुतेक विक्रेते सर्वांत आधी पाठवणीचा दर शोधू लागतात. ते स्वाभाविकच आहे. पण दर ही या व्यवहारातली सर्वांत सहज मिळणारी माहिती आहे आणि पुढे उद्भवणाऱ्या अडचणींपैकी फारच थोड्या दरामुळे उद्भवतात. विमान वेळेवर सुटते, गाडी वेळेवर पोहोचते आणि तरीही पार्सल सीमाशुल्क कार्यालयात तीन आठवडे पडून राहते, कारण त्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ एवढाच एक शब्द लिहिलेला असतो. देशातल्या देशात जाणाऱ्या पार्सलाला पत्ता आणि वजन पुरते. सीमा ओलांडणाऱ्या पार्सलाला त्याखेरीज चार प्रश्नांची उत्तरे बरोबर न्यावी लागतात: आत नेमके काय आहे, ते कोठे तयार झाले, त्याची किंमत किती आणि त्यावरचा कर कोण भरणार. नव्या विक्रेत्याने दरांची तुलना करण्यात जेवढा वेळ घालवायचा, त्याच्या दुप्पट वेळ या चार उत्तरांना द्यावा, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न वर्णनाचा. टपालाने जाणाऱ्या वस्तूंवर सीमाशुल्काचे घोषणापत्र लावावे लागते; त्याचे छोटे रूप ‘सीएन २२’ आणि सविस्तर रूप ‘सीएन २३’ या नावांनी जगभर ओळखले जाते. हे नमुने जागतिक टपाल संघाने ठरवलेले आहेत. १८७४ साली स्थापन झालेल्या या संघाचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील बर्न येथे असून त्याचे १९२ सदस्य देश आहेत, त्यामुळे कागदाचा साचा जवळजवळ सर्वत्र सारखाच दिसतो. कुरिअर कंपनीकडून पाठवताना या घोषणापत्राऐवजी व्यापारी बीजक, म्हणजे कमर्शियल इन्व्हॉइस, लागते. दोन्हींमध्ये वर्णन असे हवे की पार्सल न उघडता अधिकाऱ्याला आतली वस्तू डोळ्यांसमोर आणता यावी. ‘कपडे’ हे वर्णन निरुपयोगी आहे. ‘पुरुषांचा विणलेला टी-शर्ट, १०० टक्के सुती, २ नग’ हे वर्णन पुरेसे आहे. वस्तू कशाची, कोणासाठी आणि किती, या तिन्हींचा त्यात उल्लेख झाला की बहुतेक शंका मिटतात.

वर्णनाच्या शेजारी एक आकडा लिहावा लागतो, त्याला एचएस कोड म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ही वर्गीकरणपद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे आणि २०० हून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. तिचे पहिले सहा अंक सर्वत्र समान असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो. सहा अंकांपैकी पहिले दोन प्रकरण दाखवतात, पुढचे दोन शीर्षक आणि शेवटचे दोन उपशीर्षक. उदाहरणार्थ, ६१ वे प्रकरण सुई-विणकामाच्या, म्हणजे निटेड कपड्यांचे आहे, तर मागावर विणलेल्या कापडाचे कपडे ६२ व्या प्रकरणात येतात. म्हणूनच सुती टी-शर्टचा कोड ६१०९.१० असा सुरू होतो, पण कॉलर असलेला पुरुषी सदरा मागावरच्या कापडाचा असेल तर तो ६२०५ या शीर्षकाखाली जातो. चहाचा कप पोर्सेलेनचा असेल तर ६९११ आणि इतर सिरॅमिकचा असेल तर ६९१२. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही कपच. कर आकारणाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांवरचे शुल्कही वेगळे असू शकते. ज्याच्याकडे वीस प्रकारच्या वस्तू आहेत त्याने एक दुपार काढून वीसही कोड शोधून एका तक्त्यात लिहून ठेवावेत. ऑर्डर आल्यावर घाईत शोधलेला कोड चुकण्याची शक्यता फार असते.

मूळ देशाच्या रकान्यात नवखे विक्रेते हमखास चुकतात. पार्सल जेथून निघते तो देश ते तेथे लिहितात. विचारलेले असते ते वस्तू जेथे तयार झाली त्या देशाचे नाव. एका देशात तयार झालेला दिवा दुसऱ्या देशातील विक्रेत्याने विकत घेऊन तिसऱ्या देशात पाठवला, तर मूळ देश पहिलाच राहतो. शुल्काचा दर, व्यापार करारांखालील सवलत आणि कधी कधी आयातीवरील बंदीही यावर अवलंबून असते. हा रकाना म्हणूनच अंदाजाने भरू नये.

किंमत लिहिताना मोह होतो, आणि त्याबद्दल सरळ बोलणे बरे. ग्राहक कधी कधी विनंती करतो की बीजकावर निम्मी किंमत लिहा किंवा ‘भेट’ असे नमूद करा, म्हणजे कर वाचेल. ही खोटी घोषणा आहे. पकडली गेल्यास दंड होऊ शकतो, माल जप्त होऊ शकतो आणि पाठवणाऱ्याचे नाव तपासणीच्या यादीत गेल्यास त्याची पुढची पार्सलेही उघडली जातात. एक व्यावहारिक तोटाही आहे: पार्सल हरवले तर नुकसानभरपाई घोषित किमतीच्या वर मिळत नाही. सीमाशुल्काच्या मूल्यांकनाचे जागतिक तत्त्व असे की मूल्य म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात दिलेली किंवा देय असलेली किंमत. फरक आहे तो त्या मूल्यात वाहतूकखर्च धरायचा की नाही, याबाबत. युरोपीय संघात सीमेपर्यंतची वाहतूक आणि विमा त्यात मिळवतात. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहतूक त्यातून वगळली जाते. बीजकावर वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च दोन वेगळ्या ओळींत दाखवावा, तो याचसाठी. ‘मोफत पाठवणी’ देणारा विक्रेता वाहतूकखर्च वस्तूच्या किमतीत मिसळतो आणि त्यामुळे काही देशांत ग्राहकाला त्या खर्चावरही शुल्क भरावे लागते, ही गोष्ट जाता जाता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: कर कोण भरणार? प्रथम कर कसा वाढत जातो ते पाहू. समजा, युरोपीय संघातील एखाद्या ग्राहकाने २०० युरोची वस्तू मागवली आणि वाहतूकखर्च २० युरो आहे. सीमाशुल्काचा दर १० टक्के धरला, तर तो २२० युरोंवर लागतो, म्हणजे २२ युरो होतात. मूल्यवर्धित कर २० टक्के असेल तर तो वस्तू, वाहतूक आणि सीमाशुल्क यांच्या बेरजेवर, म्हणजे २४२ युरोंवर लागतो आणि ४८.४० युरो होतो. ग्राहकाच्या माथी एकूण ७०.४० युरो येतात, आणि त्यावर टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी कागदपत्रांची कामे केल्याबद्दल आपले हाताळणी शुल्क लावते. संकेतस्थळावर २२० युरो भरलेल्या माणसाला दारात आणखी तिसरा हिस्सा मागितला गेला, आणि त्याची पूर्वकल्पना त्याला कोणी दिलेली नसली, तर तो पार्सल नाकारतो. या नाकारण्यात त्याचा दोष काढता येत नाही.

याबाबतच्या दोन व्यवस्थांना आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या ‘इन्कोटर्म्स’मध्ये नावे आहेत. हे नियम प्रथम १९३६ साली प्रसिद्ध झाले. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तिच्यात ११ संज्ञा आहेत, पण किरकोळ ऑनलाइन विक्रेत्याला त्यांपैकी दोनच पुरतात. ‘डीएपी’ म्हणजे विक्रेता माल ठरलेल्या ठिकाणी पोहोचवतो आणि आयातीचे कर ग्राहक भरतो. ‘डीडीपी’ म्हणजे करांसह सर्व खर्च विक्रेता उचलतो आणि ग्राहकाला दारात काहीही द्यावे लागत नाही. कुरिअरच्या बोलण्यात अजूनही ‘डीडीयू’ हा शब्द ऐकू येतो. तो २०१० च्या आवृत्तीतच नियमांतून काढला गेला, मात्र त्याचा अर्थ ‘डीएपी’च्या जवळचा समजून पुढे जायला हरकत नाही. सुरुवातीला ‘डीएपी’ स्वस्त आणि सोपे वाटते. परंतु महाग वस्तू विकणाऱ्याने करांसह अंतिम किंमत आधीच दाखवून ‘डीडीपी’कडे वळावे, कारण एक नाकारलेले पार्सल अनेक पार्सलांवरचा नफा खाऊन टाकते. ज्याला ते शक्य नसेल त्याने ‘आयातशुल्क व स्थानिक कर ग्राहकाने भरावयाचे आहेत’ हे वाक्य पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, ठळक अक्षरांत लिहावे. अटी-शर्तींच्या पानात पुरून ठेवलेले वाक्य कोणीही वाचत नाही.

कमी किमतीच्या वस्तूंना करातून सूट असते, असा एक जुना समज आहे. एके काळी तो बऱ्याच अंशी खरा होता. गेल्या काही वर्षांत मात्र एकामागून एक देशांनी ही दारे बंद केली आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयात वस्तूंवर १० टक्के वस्तू व सेवा कर लावला आणि तो विक्रीच्या वेळीच वसूल करण्याची जबाबदारी ठरावीक उलाढालीवरच्या विक्रेत्यांवर टाकली. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १५ पौंडांपर्यंतची सूट रद्द केली. तेथे १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर मूल्यवर्धित कर विक्रीच्या क्षणी घ्यावा लागतो. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची सूट संपवली आणि त्याबरोबर १५० युरोपर्यंतच्या मालासाठी ‘आयओएसएस’ ही एक-खिडकी व्यवस्था सुरू केली. तीत कर आधीच वसूल केला जातो आणि नोंदणी क्रमांक पार्सलाच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत पाठवला की सीमेवर तो पुन्हा मागितला जात नाही. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना येऊ शकत असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित झाली. या साऱ्या मर्यादा बदलत्या आहेत, म्हणून ज्या देशात विकायचे त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचे अधिकृत पान वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावे. मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळांवरून विक्री केल्यास यांपैकी अनेक देशांत कर गोळा करण्याचे काम ते संकेतस्थळच करते. नवख्या माणसाने पहिले पाऊल तेथून टाकण्याचे हे एक चांगले कारण आहे, त्यांचे कमिशन गृहीत धरूनही.

टपाल घ्यावे की कुरिअर, याचे उत्तर वस्तूच्या किमतीवर आणि घाईवर ठरते. टपालाने गेलेले पार्सल सीमेवर एका देशाच्या टपाल खात्याकडून दुसऱ्या देशाच्या खात्याकडे सोपवले जाते, आणि या हस्तांतरानंतर माग काढणे कधी कधी थांबते. टपालाचा माग-क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: आरंभी सेवेचा प्रकार दाखवणारी दोन अक्षरे, मग आठ अंक, एक पडताळणीचा अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. हाच क्रमांक पोहोचण्याच्या देशातील टपाल खात्याच्या पानावरही चालतो, हे अनेकांना ठाऊक नसते. पाठवणाऱ्या देशातील पान ‘देशाबाहेर रवाना’ म्हणून गप्प बसले की तेथे पाहावे. टपालाच्या छोट्या पाकिटांना सामान्यतः २ किलो वजनाची मर्यादा असते, तसेच लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ९० सेंटीमीटरांपर्यंत आणि कोणतीही एक बाजू ६० सेंटीमीटरांपर्यंत चालते. त्याहून जड वस्तू पार्सल म्हणून जातात. कुरिअर कंपनी मात्र पार्सल उचलण्यापासून दारात देईपर्यंत आपल्याच जाळ्यात ठेवते आणि सीमाशुल्काची कामेही स्वतः करते. म्हणून ती वेगवान असते, महाग असते आणि करांसाठी आगाऊ रक्कम भरल्याचे शुल्क नंतर लावते.

दराच्या बाबतीत एकच गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वजन. विमानात जागा अपुरी असते, त्यामुळे हलक्या पण मोठ्या खोक्याला त्याच्या आकारमानानुसार पैसे पडतात. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि येणाऱ्या संख्येला ५,००० ने भागायचे, अशी कुरिअर क्षेत्रात रूढ रीत आहे. ४० × ३० × २० सेंटीमीटरच्या खोक्याचे असे वजन ४.८ किलो होते. आत दीड किलोची उशी असली तरी पैसे ४.८ किलोंचेच, कारण दोन्हींपैकी मोठे वजन धरले जाते. तेच खोके उंचीने निम्मे केले तर हे वजन २.४ किलोंवर येते. सवलतीच्या वाटाघाटी करण्याआधी योग्य मापाची खोकी विकत घ्यावीत, यात अधिक पैसा वाचतो. जुने खोके पुन्हा वापरायचे असेल तर त्यावरचे सर्व जुने बारकोड पूर्ण झाकावेत. यंत्राने जुना बारकोड वाचला तर पार्सल जुन्याच वाटेने प्रवासाला निघते.

घोषणापत्राचा कागद आता एकटा प्रवास करत नाही. १ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार वस्तू असलेल्या टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आगाऊ पाठवणे बंधनकारक आहे. म्हणजे पार्सल विमानात चढण्यापूर्वी त्याचे वर्णन, किंमत आणि दोन्ही बाजूंचे पत्ते गंतव्य देशाच्या यंत्रणेकडे पोहोचलेले असतात. खिडकीवर हाताने खरडलेले घोषणापत्र त्यामुळे मागे पडत चालले आहे; लेबल ऑनलाइन तयार करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. त्यात ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल न चुकता भरावा, कारण कर भरण्याची सूचना त्यांवरच जाते. काही देशांना आयात करणाऱ्या व्यक्तीचा ओळख क्रमांकही लागतो. ब्राझीलमध्ये तो ग्राहकाचा कर क्रमांक असतो आणि दक्षिण कोरियात वैयक्तिक सीमाशुल्क क्रमांक. ऑर्डर घेतानाच तो मागण्याचा रकाना ठेवला नाही, तर नंतर तो मिळवण्यात आठवडा जातो. पत्ता गंतव्य देशाच्या रीतीने लिहावा, मात्र शेवटच्या ओळीत देशाचे नाव स्वतंत्रपणे, मोठ्या अक्षरांत असावे.

काय पाठवता येत नाही, याची यादी प्रत्येक देशाची आणि प्रत्येक वाहतूकदाराची निराळी असते, परंतु काही वस्तू जवळजवळ सर्वत्र अडतात. अत्तर किंवा परफ्युम हे विमान वाहतुकीच्या भाषेत ज्वलनशील द्रव आहे. लिथियम-आयन बॅटरी सुटी असेल तर १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. उपकरणात बसवलेली असेल तर ती क्षमतेच्या मर्यादा व पॅकिंगचे नियम पाळून नेता येते, म्हणून ‘खेळणे’ असे वर्णन करताना आत बॅटरी आहे की नाही हेही सांगावे लागते. लाकडी पेटीत माल भरणाऱ्यांनी जाणून घ्यावे की आयातदार देश अशा लाकडाला प्रक्रिया केल्याची खूण मागतात; त्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राखावे लागते, जेणेकरून त्यातील कीड मरेल. प्लायवूडसारख्या प्रक्रिया केलेल्या फळ्यांना ही अट लागू नाही. प्रवाळ, हस्तिदंत, काही प्राण्यांचे चामडे आणि काही दुर्मीळ लाकडे यांवर १९७५ पासून अमलात असलेल्या ‘साइट्स’ या, दुर्मीळ प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत. जुन्या किंवा हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्याने आपल्या मालात यांपैकी काही नाही ना, हे अगोदर तपासावे. त्याशिवाय गंतव्य देशाचे उत्पादन-सुरक्षेचे नियम असतात. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी संघात राहणारा जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि ही अट छोट्या विक्रेत्यालाही सुटलेली नाही. विक्रेत्याच्या स्वतःच्या देशातही निर्यातदार म्हणून नोंदणी किंवा परवाना लागत असेल, तर तो पहिल्या पार्सलाआधी घ्यावा.

विमा आणि वाहतूकदाराची जबाबदारी या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. विमान वाहतुकीत मालाची भरपाई १९९९ च्या माँट्रियल करारानुसार वजनावर मोजली जाते, मग दोनशे ग्रॅमच्या पाकिटात महागडे घड्याळ का असेना. म्हणून हलक्या आणि मौल्यवान वस्तूंना वेगळा विमा घ्यावा आणि जड पण स्वस्त वस्तूंच्या बाबतीत तो सोडून द्यावा. दावा करायचा झाल्यास बीजक, पॅकिंगची छायाचित्रे आणि वजनाची पावती लागते, ती पाठवतानाच जपून ठेवावी. टपालाची चौकशी साधारणपणे पार्सल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत करता येते. कुरिअरच्या मुदती कितीतरी कमी असतात.

किती दिवसांत पोहोचेल, हे सांगताना पॅकिंगचे दिवस, प्रवासाचे दिवस आणि सीमाशुल्काचे दिवस वेगवेगळे धरावेत. वाहतूकदार ज्या मुदतीची जाहिरात करतो तिच्यात शेवटचे दिवस बहुधा नसतात.

परत येणाऱ्या मालाचा विचार विक्री सुरू होण्याआधी करावा, कारण तो नंतर केला तर प्रत्येक वेळी वाद घालूनच करावा लागतो. ग्राहकाने परत पाठवलेली वस्तू विक्रेत्याच्या देशात पुन्हा आयात म्हणूनच येते आणि ती मुळात इथूनच गेली होती, हे मूळ निर्यातीच्या कागदांनी सिद्ध केले नाही तर तिच्यावर कर लागू शकतो. परतीच्या पार्सलावर ‘परत आलेला माल’ असे लिहून मूळ बीजकाची प्रत आत ठेवायला ग्राहकाला सांगावे. तिकडे ग्राहकाने भरलेला आयात कर आपोआप परत मिळत नाही; त्याला त्याच्या देशात अर्ज करावा लागतो आणि छोट्या रकमेसाठी तो कोणी करत नाही. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत म्हणूनच पैसे परत करून वस्तू ग्राहकाकडेच राहू देणे बहुधा परवडते. पोहोचवता न आलेल्या पार्सलाचे काय करायचे, याचा पर्याय घोषणापत्रावर निवडावा लागतो: परत आणावे की सोडून द्यावे. परत आणण्याचा खर्च विक्रेत्यावर येतो आणि तो कधी कधी वस्तूच्या किमतीहून अधिक असतो, तेव्हा ही खूण कोणत्या चौकोनात करायची हे प्रत्येक वस्तूची किंमत पाहून ठरवावे.